वरची दाढ

पहिल्यांदा वास आला तेव्हा मला वाटलं, तो माझाच आहे.

मी नवापूरजवळच्या एका पोल्ट्रीत सुपरवायझर आहे. अंड्यांच्या कोंबड्या, चार शेड, हाताखाली नऊ माणसं. या कामात एक गैरसोय आहे. आपला वास आपल्याला येत नाही, घरच्यांना येतो, आणि घरचे तो सांगतातही. त्या हिवाळ्यात आमच्या एका शेडमध्ये कोरायझा आला होता. या रोगात कोंबडीचं तोंड सुजतं, एक डोळा मिटतो आणि नाकातोंडाला कुजका, थोडा गोडसर वास येतो. तो नाकात बसला की जेवतानाही सुटत नाही. त्यामुळे संध्याकाळी घरी येऊन साडेचार वर्षांच्या मुलीला उचलून घेतलं आणि तोच वास आला, तेव्हा मला मुळीच शंका आली नाही. म्हटलं, आणली आपण शेड घरात.

मग माझं अंघोळपुराण सुरू झालं. फार्मवर एक अंघोळ, घरी दुसरी. गमबूट शेडच्या दाराशी, कपडे अंगणातल्या बादलीत. केसांना लिंबू. तरी पोरीला जवळ घेतलं की वास हजर. बायको दारात उभी राहून माझी तयारी बघायची आणि म्हणायची, "दुसरं लगीन करनं शे का तुम्हाले?" मी चिडायचो. वास तिलाही येत होता, पण तो नवऱ्याचा म्हणून तिनं केव्हाच सोडून दिला होता.

आठ दिवस हे चाललं. आठ दिवस मी स्वतःला घासत होतो.

नवव्या दिवशी सकाळी मुलगी उठली ती डावा गाल फुगवून. तोंडात लाडू धरल्यासारखा. अंगात कणकण होती, आणि भाकरी नको, दूधच हवं, हा हट्ट तर दोन-तीन दिवस चालूच होता. बायकोनं बघितल्याबरोबर निकाल दिला, गालफुगी. अंगणवाडीत दोन पोरांना झालीच होती. तिनं हळद-चुन्याचा लेप तयार केला, तव्यावर फडकं गरम करून शेक द्यायला घेतला. पोर शेकानं आणखीच किंचाळायला लागली. माझे वडील नंदुरबारजवळच्या कोरीटहून आमच्याकडे चार दिवस राहायला आले होते. त्यांना आम्ही आबा म्हणतो. ते खाटेवरून म्हणाले, "गालफुगी दोन्ही बाजूले येस. हाई एकच बाजूले शे." बायको म्हणाली, एका बाजूलाही येते. आबा म्हणाले, नाही येत. मी मध्ये उभा. मला कोंबडीच्या तोंडाबद्दल विचारलं असतं तर मी अर्धा तास बोललो असतो.

शेवटी मी तेच केलं जे मला येतं. मुलीला मांडीवर आडवी घेतली, दोन बोटं जबड्याच्या कोपऱ्यात ठेवून हलकेच दाबलं, कोंबडीची चोच उघडतात तसं. तोंड उघडलं आणि तो वास भसकन अंगावर आला. वरची डावी दाढ मधोमध काळी, पोखरलेली, आणि तिच्यावर हिरडीला मसुराएवढी पिवळी पुळी.

खरं सांगतो, मला पहिल्यांदा बरं वाटलं. वास माझा नव्हता. पुढच्याच क्षणी लाज वाटली, पण आधी बरं वाटलं ते वाटलंच. आठ दिवस पोरीच्या तोंडात पू होत होता आणि बाप केसांना लिंबू चोळत होता.

नवापुरात दातांच्या एक डॉक्टर मॅडम आहेत. त्यांनी लहानसा फोटो काढला, उजेडासमोर धरून मला दाखवला. मला काही कळलं नाही, मी मान हलवली. त्यांनी विचारलं, "रात्री दूध पिऊन झोपते का?" मी म्हटलं, हो. "साखर घालून?" हो. "बाटलीनं?" आता नाही, तीन वर्षांची होईपर्यंत. "आणि दूध प्यायल्यावर दात घासता?" आम्ही नवराबायको एकमेकांकडे बघायला लागलो. झोपलेल्या पोराचे दात कोण घासतं?

"दाढ वाचण्यापलीकडे गेलीय," त्या म्हणाल्या. "काढावी लागेल. आधी औषध द्या, पूर्ण पाच दिवस, आणि पाचव्या दिवशी या. शेक अजिबात नको."

"दुधाचीच ना मॅडम? पडेलच की आपोआप."

"दाढ दुधाची आहे, पू दुधाचा नाही," त्या म्हणाल्या. ही दाढ पडायला अजून पाच-सहा वर्षं होती आणि तिच्या मुळांशीच पक्क्या दाताचा कोंब होता, त्याला धक्का लागला असता. त्यांनी सगळं सांगितलं. मी सगळं ऐकलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत मला पटलेलंही होतं.

घरी आबा वाटच बघत होते. दाढ काढायची म्हटल्यावर ते खाटेवरून उठलेच.

"वरनी दाढ? वरनी दाढ काढू नको भो. वरना दातनी शीर डोयाले जास."

आबांचा डावा डोळा गेलेला आहे. मी लहान असताना विसरवाडीच्या बाजारात चादर अंथरून बसणाऱ्या एका माणसाकडून त्यांनी वरचा दात काढून घेतला होता, आणि वर्षभरात त्या बाजूचा डोळा अंधुक होत होत बंद पडला. दोन्हींचा संबंध होता का, ते कोणी कधी तपासलं नाही. आबांना तपासायची गरजही वाटली नाही. "मन्हाकडे दख," ते म्हणाले, "दात गया, मांगे मांगे डोया बी गया. पोरनी जात शे, तिन्हा डोया गया ते काय करशी?"

तुम्ही म्हणाल, शिकलेला माणूस, असलं ऐकतो कशाला? मीही तेच म्हणालो. पण एक डोळा नसलेला बाप समोर उभा राहून डोळ्याबद्दल सांगतो तेव्हा शिक्षण जरा मागे सरकतं. त्यात पोरीची सूज गालावरून वरच चढलेली, डोळ्याच्या खालीच. मी मोबाइलवर शोधलं. तिथे एकानं लिहिलं होतं, काढा. दुसऱ्यानं, काढू नका, मुळांचा इलाज करा. तिसऱ्यानं लवंगेचं तेल. बायकोच्या भावानं फोनवर सुरतेचा एक डॉक्टर सांगितला. शेजारणीनं तुरटी आणून दिली. एक ना धड भाराभर चिंध्या! मी ठरवलं की काहीच ठरवायचं नाही, निदान औषध तरी सुरू करू.

औषध म्हणजे बाटलीत पावडर होती. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, हलवायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं, दिवसातून दोनदा द्यायचं. हे माझ्या हातचं काम. कोंबड्यांना मी पाण्याच्या टाकीतून औषध देतो, वर्षानुवर्षं देतो आहे. आणि त्यात माझा एकच कडक नियम आहे, जो शेडवरच्या प्रत्येक माणसाला पाठ आहे. पाच दिवस म्हणजे पाच दिवस. तिसऱ्या दिवशी कोंबड्या तरतरीत दिसायला लागतात, दाणा खायला लागतात, आणि तेव्हाच माणसाचा हात आखडतो. मी मागे एकाला याच कारणावरून सगळ्यांसमोर झाडलं होतं. त्यानं तिसऱ्या दिवशी टाकीत औषध घालणं बंद केलं आणि मला सांगितलं, पाच दिवस घातलं. आठवड्यानं रोग परत आला. मी समजलो औषध लागू पडलं नाही, म्हणून दुसरं, जास्त जोराचं चालू केलं. नंतर खरं कळलं. त्या दिवशी मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुलीच्या औषधाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सूज उतरली. पुळी फुटली होती, वास गेला होता, ती अंगणात धावत होती. फक्त पोट बिघडलं होतं. बायको म्हणाली, "आते बस करा ना. सूज ते उतरनी. पोर दिवसमा सात-आठ येळ जास, सुकायी गयी बिचारी." आबा म्हणाले, "गरम पडनं औषध. बंद कर."

आणि मी बंद केलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. मुलीनं सकाळीच बाटलीकडे बोट दाखवून विचारलं होतं. मी तिला म्हटलं, आता बंद, तू बरी झालीस. ती टाळ्या वाजवत आजोबांना सांगायला गेली. उरलेली बाटली फ्रीजच्या दारात तशीच राहिली.

मी असं का केलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पोटाचं कारण खरं होतं. पण ते मॅडमना फोन करून विचारता आलं असतं. खरं कारण बहुतेक हे, की औषध पूर्ण झालं की पाचवा दिवस येणार होता, आणि पाचव्या दिवशी दाढ काढायची की नाही ते मला ठरवावं लागणार होतं. सूज उतरली तसा तो प्रश्नही उतरला असं मी स्वतःला सांगितलं. पाचव्या दिवशी आम्ही गेलो नाही. आबा खूश होऊन कोरीटला परत गेले.

सतरा-अठरा दिवस छान गेले. मग एका मंगळवारी दुपारी फार्मवर बायकोचा फोन आला. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. मी पोचलो तेव्हा मुलीचा डावा डोळा निम्मा मिटलेला, खालची पापणी फुगून चकाकत होती, अंग तापलेलं. पोरगी रडतही नव्हती. आठ दिवस मी शेडमध्ये अशीच तोंडं बघितली होती, आणि अशा कोंबडीचं आम्ही काय करतो ते मला माहीत होतं. मी तिला उचललं आणि मॅडमकडे निघालो.

दातांच्या मॅडमनी बघितलं आणि खुर्चीवर बसवूही दिलं नाही. म्हणाल्या, "हिला आत्ता मुलांच्या दवाखान्यात भरती करा, नंदुरबारला. मोटारसायकलवर नेऊ नका." पाचव्या दिवशी का आला नाहीत असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मालकाची अंड्यांचे ट्रे पोचवणारी गाडी रिकामी होती. मी, बायको, तिच्या मांडीवर पोर, असे पुढे बसून निघालो. विसरवाडीला नेहमीसारखी ट्रकांची रांग होती. तिथे दहा मिनिटं अडकलो तेव्हा बायको पहिल्यांदा बोलली. "मीच सांगं व्हतं ना, बंद करा म्हणीसन." मी म्हटलं, "बंद ते मीच करं." आबांना मी वाटेतून फोन केला होता. ते आमच्या आधी दवाखान्याच्या दारात उभे होते, हातात काठी, डोक्यावर टोपी सरळ.

आत एक चष्मेवाले डॉक्टर होते, शांत माणूस. त्यांनी मुलीच्या पापण्या दोन बोटांनी उघडल्या, बोट फिरवून तिला बघायला लावलं, मग लिहायला बसले.

"आधी औषध दिलं होतं?"

"हो," मी म्हणालो आणि नाव सांगितलं. औषधांची नावं मला तोंडपाठ असतात.

"किती दिवस?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणालो, "पाच दिवस."

ते कसं बाहेर पडलं मला माहीत नाही. तोंडानं स्वतःहूनच उत्तर दिलं. डॉक्टर मान हलवून म्हणाले, "म्हणजे ते औषध हिला लागू पडलेलं नाही," आणि लिहायला लागले. आता ते काय करणार, हे त्या खोलीत माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. ते दुसरं, जास्त जोराचं काढणार. मीही तेच केलं होतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं आणि मी टेबलाच्या कडेकडे बघत उभा होतो. बायको माझ्याकडे बघत होती. आता सांगितलं तर बाप खोटारडा ठरणार, नाही सांगितलं तर पोरीला नको ते औषध जाणार, आणि तरीही मी दोन्ही गोष्टी तोलत उभा होतो. तोलण्यासारखं त्यात काय होतं, मला आज सांगता येणार नाही.

तेवढ्यात आईच्या खांद्यावरून, सुजलेल्या गालातून, मुलगी म्हणाली, "पप्पा, बाटली ते फ्रीजमा शे. तुम्हीच सांगं व्हतं, आते बंद."

डॉक्टरांचा पेन थांबला. त्यांनी मला काही विचारलं नाही, तिला विचारलं, "किती दिवस प्यालीस गं?" तिनं दोन बोटं दाखवली. मग तिसरं अर्धं वर केलं. डॉक्टरांनी लिहिलेली ओळ खोडली, नवी लिहिली आणि नर्सला हाक मारली. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी शेडमधल्या माणसाला जे बोललो होतो, त्यातला एक शब्द जरी ते मला बोलले असते तरी मी त्यांचे पाय धरले असते.

नर्सनं तिच्या हाताला सुई लावली. शीर सापडायला तीन वेळा टोचावं लागलं. मी तिचे खांदे धरले होते.

बाहेर आबांनी डॉक्टरांना गाठलं. "साहेब, डोया ते जावाव नही ना?" डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, नजर ठीक आहे, पण वरच्या दाढेचा पू डोळ्याकडे चढतो, म्हणून सूज कमी झाली की ती दाढ काढायचीच. आबा विजयानं माझ्याकडे वळले. "दख! मी सांगं व्हतं ना, दाढना आनि डोयाना संबंध शे?" मग त्यांच्या लक्षात आलं की डॉक्टरांनी बरोबर उलटं सांगितलं आहे. त्यांचा चेहरा कसनुसा झाला. ते बाकावर बसले आणि बराच वेळ आपल्या मिटलेल्या डोळ्यावर हात ठेवून राहिले. चाळीस वर्षं त्यांनी दाताला दोष दिला होता. तो खरा होता की खोटा, हे मलाही कळेनासं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी डोळा उघडला. तिसऱ्या दिवशी दाढ निघाली. घरी परत आल्यावर नंदुरबारच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं पुढचं औषध आम्ही शेवटच्या थेंबापर्यंत दिलं. रात्रीच्या दुधातली साखर बंद झाली आणि दूध प्यायल्यावर दात घासायचं काम माझ्याकडे आलं. डोळा स्वच्छ आहे. आबा कोरीटहून फोन करून तिला रोज विचारतात, समोर काय काय दिसतं, आणि ती बसल्या जागेवरून सगळी यादी वाचून दाखवते. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती.

पण खालच्या दोन दाढांवरही काळे ठिपके आहेत. मॅडम म्हणाल्या होत्या, या भरून घेता येतील, दुखायला लागलं तर मात्र लगेच आणा. म्हणून मी रोज सकाळी विचारतो, "दुखस का?" आणि ती म्हणते, "नही."

महिन्याभरानं एका रविवारी आम्ही जेवत होतो. मी सहज बघितलं तर ती घास एकाच बाजूनं चावत होती. दुसऱ्या बाजूला गेला की जिभेनं हळूच परत ढकलत होती. मी विचारलं, "दुखस का?"

"नही पप्पा."

सरळ माझ्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाली. माझा हात ताटातच राहिला. मी तिला जवळ घेतलं, म्हटलं, खरं सांग, मी रागावणार नाही. ती माझ्या शर्टच्या गुंडीशी खेळत म्हणाली, "सांगं ते सुई टोचतस."

म्हणजे महिनाभर या पोरीच्या डोक्यात हे होतं. तिनं डॉक्टरांना बाटलीचं सांगितलं, आणि लगेच सुई आली. तिनं सांगितलं नसतं तर आली नसती. हिशेब अगदी सरळ होता, आणि तो आम्ही दोघांनी कधी दुरुस्त केला नाही, कारण आम्हाला तो दिसलाच नाही. मी तर त्या दिवसाचा विषय घरात काढायलाच घाबरत होतो.

"नही बेटा," मी म्हणालो. "सुई तुन्हामुळे नही टोची. तू ते खरं बोलनी. औषध मी बंद करं, आनि डॉक्टरजवळ खोटं बी मीच बोलनू. मन्हामुळे टोची."

तिनं गुंडी सोडली आणि माझ्याकडे बघितलं. तिला राग आलेला नव्हता, नुसतं समजत नव्हतं.

"मंग सुई तुम्हाले काबरं नही टोची?"